बाबा पाठ फिरवून ऐकतात

"बाबा, चिप एकच आहे आणि आम्ही दोघी. तुमची जास्त लाडकी कोण ते आजच सांगून टाका, म्हणजे चिपचंही ठरेल."

हा प्रश्न मी जेवायच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत विचारला. बाबा तेव्हा पाणी पीत होते. त्यांना असा ठसका लागला की आईला उठून त्यांची पाठ थोपटावी लागली. माझ्या समोर बसलेली माझी आतेबहीण मुंगी ताटात बघत राहिली, जणू तिथे काही छापलेलं होतं.

प्रश्न खरं तर माझा नव्हता. लांबडी आणि चष्मिष या माझ्या वर्गातल्या मैत्रिणी, त्यांनी पैज लावली होती. "वर्गात सरांना उलट प्रश्न विचारतेस आणि घरी शेपूट घालतेस," लांबडी म्हणाली. "विचार, नाहीतर आमच्या नाटकात झाड म्हणून उभी राहा."

"आणि झाडाने हलायचं नाही," चष्मिषने पुस्ती जोडली.

मी आणि न हलता उभी? गेल्या वर्षी शाळेचा बंद पडलेला अँप्लिफायर मी मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांदेखत उघडून चालू केला, तेव्हापासून मला जे तोंड फुटलंय ते अजून मिटलेलं नाही. त्याआधी वर्गात हात वर करायचा तर कोणी हसत नाही ना, हे मी चारही बाजूंना बघून घ्यायचे. त्या दिवशी बाबांनी माझं नाव भोंगा ठेवलं, आणि मला ते पदक मिळाल्यासारखं वाटलं.

तर भोंग्याने विचारलं. मला वाटलं होतं, बाबा लगेच म्हणतील, "वेडी का खुळी? तू माझी मुलगी." पण ठसका थांबल्यावर त्यांनी आधी तोंड पुसलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुंगीकडे बघितलं, आणि शेवटी ग्लासाकडे बघितलं. त्या ग्लासाचाही मला राग आला.

आता चिपचं सांगते. बाबांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे, आमच्या घराच्या खालीच. पुढे गिऱ्हाइकांचे कीबोर्ड, फाटके स्पीकर, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. मागच्या खोलीत मात्र बाबांचं खरं वेड. पूर्वी घरोघरी जे छोटे कॉम्प्युटर असायचे, त्यांच्यात आवाजासाठी एक वेगळी चिप असायची. झुरळाएवढी, काळी, दोन्ही बाजूंना पाय. कॉम्प्युटर भंगारात गेले, चिप बनणं कधीच बंद झालं. बाबा अशा चिप वाचवतात आणि त्यांच्यासाठी नवे खोके बनवतात. बाहेर बटणं आणि पट्ट्या, आत वीजपुरवठा आणि बाकीचं सर्किट, मधोमध सॉकेटमध्ये ती म्हातारी चिप. जगात त्याला सिंथ म्हणतात, आमच्याकडे नुसतं खोका. आणि या चिपची तऱ्हा अशी की दोन कधी सारख्या नसतात. एकाच कारखान्यात शेजारी शेजारी बनलेल्या असल्या तरी एक काचेसारखी खणखणीत वाजते आणि दुसरी सर्दी झाल्यासारखी.

मी टेबलाला हात पुरायला लागल्यापासून त्या खोलीत आहे. आधी टॉर्च धरला, मग स्क्रू वेचले, मग जुन्या बोर्डांवर सोल्डर करून बोटं भाजून घेतली. आता माझे सांधे इतके चकचकीत होतात की गिऱ्हाइकांना वाटतं यंत्राने केलेत. ती खोली म्हणजे बाबा आणि मी. आई तिला "तुमची गुहा" म्हणायची, आणि त्या "तुमची"मध्ये मी होते.

मग मुंगी आली.

मुंगी म्हणजे आत्याची मुलगी. आत्याला जहाजावर नोकरी लागली आणि मुंगीची शाळा बुडू नये म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. माझ्याहून काही महिन्यांनीच लहान आहे, पण मला ताई म्हणते. एखाद्याचा मनसोक्त राग करायचा असेल आणि तो माणूस तुम्हाला ताई म्हणत असेल, तर किती गैरसोय होते म्हणून सांगू. तिचं नावही बाबांनीच ठेवलं, कारण ती कधी रिकाम्या हाताने चालत नाही, काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. माझं नाव पडायला अख्खा अँप्लिफायर दुरुस्त करावा लागला. हिचं पहिल्याच आठवड्यात पडलं.

सुरुवातीला ती गुहेच्या दारातच उभी राहायची. मग एकदा एक कीबोर्ड आला, त्याचं दुखणं बाबांना सापडत नव्हतं. मुंगी दारातूनच म्हणाली, "मामा, वरचा सूर लावला की खाली काहीतरी कण्हतंय." बाबांनी उघडून बघितलं तर खरोखरच एक सांधा सुटला होता. "भोंग्या, कान बघ हिचा," बाबा मला म्हणाले.

मी बघितला. साधा कान होता. त्यात एक मोती होता.

दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी गुहेत स्टूल आलं. माझ्यासाठी कधी स्टूल आलं नव्हतं, मी उलटी बादली ठेवून बसायचे. बादलीवर मी खूश होते, हे खरं. पण स्टूल आल्यावर बादली टोचायला लागली.

दरवर्षी घरी वाद्यं बनवणाऱ्या हौशी लोकांचा एक मेळा भरतो. मोठं सभागृह, टेबलांच्या रांगा, प्रत्येकाला एकच खोका वाजवायची परवानगी. बाबा दरवर्षी स्वतःचा नेतात. यंदा म्हणाले, "मी खूप वाजवलं. तुम्ही दोघी एकेक बनवा, एक मी नेईन. जिचा खोका तीच वाजवेल." आणि आमच्यासाठी त्यांनी लांबून चिप मागवल्या, नव्या जातीच्या. ही चिप त्याच घराण्यातली, पण मागून निघालेली आणि स्वभावाने जरा सरळ.

मी सर्किटच्या नकाशाबरहुकूम, अगदी नव्या जातीसाठीच, खोका बनवला. वायरी कशा, तर वेणी घातल्यासारख्या. मुंगीने स्वतःचंच काहीतरी केलं. बाबांच्या खोक्यातल्या जुन्या चिपसारखं तिला हवं होतं, म्हणून आतलं सगळं तिने जुन्या जातीचं लावलं. वायरी अशा की कोंबडीने घरटं केलंय.

पार्सल आलं तेव्हा चिप अगदी नव्या कोऱ्या दिसत होत्या. नको तेवढ्या नव्या. बाबांनी एक उजेडात धरली आणि म्हणाले, "भोंग्या, तुझं ते नखांचं पाणी आण."

मी नेलपॉलिश रिमूव्हर आणला, कापसावर घेतला आणि चिपच्या पाठीवर फिरवला. छापलेला नंबर कापसावर आला. खाली घासलेला, कोरा काळा दगड. दुसरी पुसली, तिसरी पुसली, सगळ्यांची तीच गत. भलत्याच चिपवर कोणीतरी खोटा नंबर छापून पाठवला होता. आवाज सोडा, त्या साधं शिंकल्यासुद्धा नसत्या.

"नकली ते नकली," बाबा कडवट होऊन म्हणाले. त्यांना नक्कल अजिबात चालत नाही. आजकाल छोट्या बोर्डावर प्रोग्रॅम लिहून जुन्या चिपचा आवाज काढतात, त्याचं नाव काढलं तरी त्यांचं तोंड वाकडं होतं.

माझी आई दातांची डॉक्टर आहे. ती दवाखान्यातून येता येता गुहेत डोकावली आणि म्हणाली, "माझ्या निम्म्या पेशंटच्या तोंडात नकली दात आहेत. खळखळून हसतात ते."

"दात वेगळे, चिप वेगळी," बाबा म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या खोक्यावर हात ठेवला. त्यात त्यांच्या लहानपणीच्या कॉम्प्युटरमधली चिप आहे, आणि त्यांनी ती कधीच कोणाला काढू दिलेली नाही. "ही देतो," ते म्हणाले. "पण एकीलाच देता येईल."

म्हणून तो प्रश्न. आणि ग्लासाकडे बघून झाल्यावर बाबांनी दिलेलं उत्तर असं: "लाडकं कोण ते माझं मी बघेन. चिपचं चिपला विचारू. रविवारी दोन्ही खोके लावा, मी पाठ फिरवून ऐकतो."

हे बाबांचं नेहमीचं आहे. कुठलंही वाद्य दुरुस्त झालं की ते खुर्ची भिंतीकडे वळवून बसतात आणि दुसऱ्याला वाजवायला सांगतात. बघितलं की कान लबाडी करतात, असं त्यांचं म्हणणं. वाजवणं संपेपर्यंत ते वळत नाहीत. अगदी दुकानात धूर निघाला होता, तेव्हासुद्धा आधी त्यांनी "बंद कर" म्हटलं आणि मग वळले.

"मग, कोण लाडकी?" दुसऱ्या दिवशी लांबडीने विचारलं.

"रविवारी कळेल."

"म्हणजे तू नाहीस," चष्मिष शांतपणे म्हणाली. ही मुलगी पुढे न्यायाधीश होणार, आणि मी तिच्या कोर्टात पाऊल ठेवणार नाही.

रविवारी सकाळी गुहेत आम्ही चौघे. बाबा भिंतीकडे तोंड करून. आई दवाखान्यातला बाकदार चिमटा घेऊन आली होती, कारण बाबांच्या खोक्यातून चिप उपटायचं काम माझ्याकडे होतं. माझा हात सगळ्यांत स्थिर, हे मुंगीनेही मान्य केलं होतं. तिने मान्य केल्याचाही मला रागच आला.

"ओढू नकोस," आई कानाशी म्हणाली. "आधी या टोकाने सैल कर, मग त्या टोकाने. मुळासकट यायला हवं."

मी हाताला अर्थिंगची पट्टी बांधली, म्हणजे अंगातली वीज चिपला चावू नये, आणि हळूहळू ती म्हातारी उचलली. एकही पाय वाकला नाही. आईने असा चेहरा केला की मला दवाखान्यात नोकरीच देते की काय.

नाणं उडवलं. आधी मुंगी.

मी तिच्या कोंबडीच्या घरट्यात चिप बसवली, खाच बघून, कारण उलटी बसली की चिप मेलीच. मुंगीने वाजवायला घेतलं. खरं सांगू? फार काही नव्हतं. मोजके सूर, सावकाश, मधे लांब जागा. मी मनात म्हटलं, झालं, भोंगा जिंकला. आणि मग तिने पट्टीवरचा हात काढून घेतला.

आवाज थांबला, पण संपला नाही. खाली एक बारीकशी गुणगुण राहिली. जुन्या जातीच्या चिपचा हा दोष आहे. सूर बंद केला तरी तो आतून थोडा झिरपत राहतो, दार नीट न लागलेल्या खोलीसारखा. सगळे तो दाबून टाकतात. बाबांनीही स्वतःच्या खोक्यात दाबला होता. मुंगीने तो तसाच ठेवला होता, वर एक बटण लावून कमी-जास्त करायची सोय केली होती. तिने ते बटण किंचित वर केलं.

बाबांची खुर्ची करकरली. ते वळले.

मुंगीचं वाजवणं संपलेलं नव्हतं, आणि बाबा वळले.

"हा आवाज," ते म्हणाले. "खेळ संपला की आमच्याकडे हा राहायचा."

"माझी आई सांगते ना," मुंगी म्हणाली. मुंगीला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "मामा हरला की रुसून कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून झोपायचा. मग तो आवाज तिला अंधारात सोबत करायचा. जहाजावर इंजिनचा पण असाच येतो म्हणे. म्हणून मी नाही दाबला."

"मी हरायचो नाही, ती हरायची," बाबा म्हणाले, आणि दोघं हसले. आत्या हजारो मैलांवर होती, तरी त्या खोलीत ते तिघं होते. आई आणि मी पाहुण्यांसारख्या उभ्या. ही चिप मी कितीदा ब्रशने झटकली, तिच्याभोवतीचे सांधे पक्के केले, तिच्यावर उष्णता जाऊ नये म्हणून छोटा पंखा बसवला. ती अशी गुणगुणते हे मला माहीत होतं. ती कोणासाठी गुणगुणते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"आता भोंगा," बाबा म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

मी चिप माझ्या खोक्यात आणली. माझा खोका नऊ व्होल्टसाठी होता, जुन्या चिपला बारा लागतात. ते मी आदल्या दिवशीच बदलून ठेवलं होतं, आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. खटका दाबला आणि वाजवायला घेतलं. माझी रचना म्हणजे पळापळ. चिपचे तिन्ही आवाज एकमेकांचा पाठलाग करतात आणि वर जाऊन फुटतात.

फुटलेच नाहीत. सगळं उशीखाली तोंड घालून ओरडल्यासारखं. मी धारेचं, म्हणजे आवाज मऊ-तीक्ष्ण करणाऱ्या फिल्टरचं, बटण पूर्ण फिरवलं. तसंच. पट्टी जोरात दाबली, जणू पट्टीचा दोष. माझे कान तापले. बाबांची पाठ ढिम्म.

"ताई, थांब," मुंगी म्हणाली. "धार उघडतच नाहीये. तुझ्यात ते दोन कपॅसिटर नव्या जातीचे आहेत ना? जुनीला बारीक लागतात."

मी बघितलं. होते. सॉकेटच्या शेजारी दोन्ही, माझ्या चकचकीत सांध्यांसकट. व्होल्ट बदलले आणि हे विसरले. अशी चूक दुसरं कोण करणार? जो नुसता नकाशा बघतो तो सगळंच नव्या जातीचं ठेवतो, आणि ज्याला काही कळत नाही तो खोकाच बनवत नाही. मधे लटकायला मीच.

"बाबा, तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या सुरालाच," भिंतीकडून उत्तर आलं. "म्हटलं, तुझं तुला कळेल."

ते मुंगीला कळलं होतं. मुंगी गप्प बसली असती तर चिप तिची होती, हे तिला माहीत होतं. म्हणजे वर ही चांगलीही होती. कान चांगला, मन चांगलं, आणि मला ताई म्हणते. माणसाने मत्सर करायचा तरी कुठे? मी सोल्डरिंग आयर्न तापवलं, दोन्ही कपॅसिटर काढले आणि तिने निवडून हातात दिलेले बारीक बसवले. आईचा चष्मा पुसून होईपर्यंत माझं कामही झालं. आईच्या तोंडून "वा" निघालं, ते मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

पुन्हा वाजवलं. या वेळी तिन्ही आवाज सुटले, धावले आणि वर जाऊन असे फुटले की खिडकीची काच थरथरली. एकही सूर चुकला नाही, कुठे खरखर नाही. मी वाजवता वाजवता बाबांच्या पाठीकडे बघत होते. खांद्यांकडे. खुर्चीच्या पायांकडे. शेवटच्या सुरापर्यंत खुर्ची करकरली नाही.

संपल्यावर ते वळले, नियमाप्रमाणे.

जेवताना निकाल लागला. बाबांनी घसा साफ केला. "भोंग्याचा खोका न्यायचा," ते म्हणाले. "आवाज साफ आहे, जोडणी भक्कम आहे. मुंगीच्या वायरी मेळ्यातल्या धक्काबुक्कीत टिकायच्या नाहीत. मुंगे, वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही मामा," मुंगी म्हणाली. "ताईचं खरंच छान होतं." आणि ती उठून माझं ताट उचलायला लागली. मुंगीच ती. मी ताट धरून ठेवलं. जरा वेळ आम्ही दोघी एकाच ताटाला दोन्हीकडून धरून होतो.

मी जिंकले होते. चिप माझी, मेळा माझा, लांबडी आणि चष्मिषची तोंडं बंद. मग आतून आनंदाची उकळी का फुटत नव्हती? मी शोधलं. आत एकच गोष्ट होती, खुर्चीची ती करकर. बाबांनी मला पैकीच्या पैकी दिले होते. पण गणिताचे सरही देतात. त्यासाठी कोणी खुर्ची वळवत नाही.

"बाबा, आई," मी म्हणाले. "माझं काहीतरी ठरलंय. आता हा पैजेचा प्रश्न नाही, माझा निर्णय आहे, तेव्हा मधे बोलू नका. चिप मुंगीच्या खोक्यात जाईल. मेळ्यात तीच वाजवेल. तिच्या वायरी मी उद्या सगळ्या नव्याने बांधून देते, मेळ्यात टेबल उलटलं तरी सुटायच्या नाहीत."

"ताई, पण—" मुंगी म्हणाली.

"तू तर मधे बोलूच नकोस. आणि हा माझा मोठेपणा वगैरे नाही, कोणी डोळे पुसू नका. मी जळतेय, चांगली धडधडून जळतेय. पण ज्या चिपसाठी बाबा वाजवणं संपायच्या आधी वळले, ती आता तिची आहे. ती माझ्या खोक्यात बसवून मी काय करू? मला माझी हवीय."

"माझी म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे मी ती लिहिणार आहे. छोट्या बोर्डावर, प्रोग्रॅम करून. तिन्ही आवाज, धार, झिरपणं, सर्दी, सगळं. त्या नकली चिपचे पाय कापून खाली लावीन, म्हणजे त्याच सॉकेटमध्ये बसेल." बाबांचं तोंड वाकडं व्हायला लागलं होतं. मी आवाज चढवला, भोंगा कशासाठी असतो? "हो, नकली. आईच्या पेशंटच्या दातांसारखी. त्यासाठी गुहेतलं मधलं टेबल मला पाहिजे, आईचा चिमटा माझ्याकडे राहील आणि संध्याकाळी मुंगीचा कान मला उसना लागेल, तो ती देईल. पुढच्या मेळ्याच्या आधी एका रविवारी बाबा, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचं. एकदा मुंगी तुमची चिप वाजवेल आणि एकदा मी माझी. कुठली कोणती ते तुम्ही ओळखायचं. आणि ती बादली मी आजच बाहेर टाकतेय, उद्यापासून मी स्टुलावर बसणार."